जेरबंद : वाघाच्या बातमीतला घोड्याचा पट्टा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या भागात वाढलेल्या मुलाला ‘जेरबंद’ हा शब्द कुणी शिकवत नाही. तो कानावर पडतच असतो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा धान कापणीला आलेला असताना गावाच्या शिवारात वाघ फिरू लागला की बायांचं रानात जाणं थांबतं, सरपण संपतं, शाळेतली हजेरी घटते. सगळा गाव मग एकाच बातमीची वाट पाहतो: वाघ जेरबंद झाला.

मी अशाच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या परिपाठात रोज दोन-तीन बातम्या वाचल्या जातात. एका सकाळी सातवीतल्या मुलीनं ठसक्यात वाचलं, “अखेर वाघ जेरबंद.” टाळ्या पडल्या. पाचवीच्या रांगेतून एक हात वर आला.

“गुरुजी, जेरबंद म्हणजे पिंजऱ्याचं नाव होय का जी?”

मी म्हणालो, “नाही रे. जेरबंद केला म्हणजे पकडला.”

“मंग पकडला असंच काऊन नाही लिहत?”

त्याचं म्हणणं खरं होतं. ‘पकडला’ हा शब्द असताना दुसरा टिकून राहिला, म्हणजे त्यात काहीतरी वेगळं असणार. घरी येऊन जुना शब्दकोश उघडला, तर तिथे वाघ नव्हता, चोर नव्हता आणि पिंजराही नव्हता. तिथे होता घोड्याच्या साजातला एक पट्टा.

शब्दकोशातल्या दोन ओळींवरून पट्टा डोळ्यांसमोर येईना. माझ्या लहानपणी गावात बैल होते, म्हशी होत्या, बैलबंड्या होत्या. घोडा दिसायचा तो मेंढपाळांचा डेरा शेतात बसला की, सामान लादलेला. तो पट्टा मला दिसला बऱ्याच महिन्यांनी, उमरेडकडच्या एका लग्नात. नवरदेवासाठी पांढरी घोडी आणली होती. तिच्या छातीवरून हनुवटीखाली गेलेला लाल पट्टा होता, त्याला घुंगरं लावलेली. मला वाटलं, शोभेचा असेल. घोडी धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, “चाचा, हा पट्टा कायचा?”

“हा? जेरबंद आहे, मास्तर. हा नसला तं घोडी तोंड वर फेकते. नवरदेवाचं नाकच फुटायचं.”

शब्दकोशातला शब्द एका माणसाच्या तोंडून इतक्या सहज आला, याचा मला फार आनंद झाला. वरात निघेपर्यंत मी त्यांच्याजवळच उभा राहिलो. पुढे लिहिलेलं बरंचसं तिथे उभं राहून समजलं, काही नंतर वाचून.

आधी पट्टा समजून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय शब्द समजत नाही.

घोड्याच्या पाठीवर खोगीर किंवा जीन असतं. ते फिरू नये म्हणून पोटाखालून आवळलेला पट्टा म्हणजे तंग. घोड्याच्या तोंडात लोखंडी कांब असते, तिच्या दोन्ही टोकांना चामड्याच्या लांब वाद्या, आणि त्या वाद्या स्वाराच्या हातात. हा झाला लगाम. आता आणखी एक वादी घ्या. तिचं एक टोक पोटाखाली तंगात ओवलेलं आहे. तिथून ती पुढच्या दोन पायांच्या मधून छातीवर येते, वर चढते आणि नाकाडावरच्या पट्ट्याला हनुवटीच्या खालून जोडली जाते. ती लोंबून पायात येऊ नये म्हणून गळ्याभोवती एक पट्टा असतो, त्यातून ती नेलेली असते. हाच जेरबंद. इंग्रजी पद्धतीनं घोडा शिकलेले लोक याला मार्टिंगेल म्हणतात.

याचं काम एकच: डोकं ठरावीक उंचीच्या वर जाऊ न देणं. हे एवढं महत्त्वाचं का, हे कळायला घोड्याच्या तोंडात डोकवावं लागतं. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बरीचशी जागा दातांशिवाय मोकळी असते. लगामाची कांब त्या मोकळ्या हिरडीवर बसते. मान नेहमीच्या ठिकाणी असताना स्वारानं वाद्या ओढल्या की हिरडीवर दाब येतो आणि घोडा थांबतो किंवा वळतो. पण घोड्यानं तोंड आभाळाकडे केलं की ओढीची दिशा बदलते. कांब हिरडीवरून सुटून ओठांच्या कोपऱ्यांकडे सरकते. स्वार जीव खाऊन ओढतो आणि घोडा आपल्या मर्जीनं चालतो. त्याला पायापुढची जमीनही नीट दिसत नाही. वर त्याची मान झटक्यात मागे आली, तर तिचं हाड स्वाराच्या तोंडावर बसतं. चाचांचं नाक फुटण्याचं बोलणं थट्टेतलं नव्हतं.

बैलाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. येसण नाकातल्या पडद्यातूनच ओवलेली असते, कासरा तिला बांधलेला. बैलानं मान वर करो, खाली करो, येसण त्याच्यासोबतच जाते. लगामाचं तसं नाही. तो तोंडात नुसता ठेवलेला असतो, म्हणून त्याची जागा टिकवायला सोबती लागतो. जेरबंद हा लगामाचा सोबती आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. जेरबंद कुणी ओढत नाही. लगामाचं टोक स्वाराच्या मुठीत असतं, कासऱ्याचं गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या. जेरबंदाची दोन्ही टोकं घोड्याच्याच अंगावर असतात, एक पोटाशी आणि एक नाकाशी. घोडा नीट चालत असेल तर पट्टा सैलच राहतो, आहे हेही जाणवत नाही. डोकं मर्यादेच्या वर गेलं की तो ताणला जातो, आणि त्याला ताणणारा घोडाच असतो. डोकं खाली आलं की पुन्हा सैल. पाय मोकळे, धावणं मोकळं, मान खाली घालून चरणं-पिणं मोकळं. म्हणजे मूळ जेरबंद घातलेलं जनावर थांबत नाही, कोंडलं जात नाही. ते भरधाव पळत असतं आणि तरी त्याला जेरबंद घातलेला असतो. आजही पोलो खेळताना घोड्यांना सर्रास असा पट्टा घालतात, आणि पोलोचा घोडा कसा पळतो हे ज्यानं पाहिलंय त्याला हे पटेल.

याचा आणखी एक प्रकार असतो. त्यात छातीवर पट्ट्याचे दोन फाटे होतात, प्रत्येक फाट्याच्या टोकाला कडी असते आणि त्या कड्यांमधून लगामाच्या वाद्या जातात. तो नाकाला थेट बांधलेला नसल्यानं सौम्य समजला जातो. पण आपल्या शब्दाचा अर्थ उलगडायला पहिला, नाकाडाला बांधलेला, पुरेसा आहे.

आता शब्द फोडू. तो फारशीतून आला, आणि त्याचे दोन तुकडे आहेत: जेर आणि बंद.

जेर म्हणजे खाली. फारशीत त्याचा पहिला वर्ण ‘जरा’मधल्यासारखा आहे, आपण तो ‘जेवण’मधल्यासारखा म्हणतो. अचलपूर, बाळापूर, कामठी या गावांत उर्दू शिकलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला जेर आणि जबर विचारा. उर्दू लिपीत अक्षराच्या खाली लहान तिरकी रेघ दिली की इकाराचा उच्चार होतो, ती जेर. तीच रेघ अक्षराच्या वर दिली की अकार होतो, ती जबर. जेर खाली, जबर वर. ‘जबरदस्त’मध्ये हाच वरचा जबर आहे आणि दस्त म्हणजे हात, ज्याचा हात वर तो जबरदस्त. फारशीत त्याच्या उलट ‘जेरदस्त’ही आहे, दुसऱ्याच्या हाताखालचा. मराठीत जबरदस्त रुळला, जेरदस्त रुळला नाही, पण नुसता जेर मात्र घट्ट धरला. ‘शत्रूला जेर केलं’, ‘कर्जानं शेतकरी जेरीस आला’ यात तोच जेर आहे. जेरीस येणं म्हणजे खाली दाबलं जाणं. सोयाबीन पिवळं पडून गेलेल्या वर्षी हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

बंद म्हणजे बांधायची दोरी, नाडी, पट्टा. संस्कृत ‘बंध’ आणि फारशी ‘बंद’ ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडं. आजोबांच्या पेटीतली बाराबंदी आठवा. बटणं नाहीत, बारा बंद. दंडावरचा बाजूबंद, कमरेचा कमरबंद. बैलाच्या खुराला नाल बसवणारा नालबंद. बंदोबस्त या शब्दातही आधी बंदच आहे. बांधणं आणि बांधणं, असं दोनदा म्हणून ‘नीट बांधून ठेवलेली व्यवस्था’ हा अर्थ झाला.

तेव्हा जेरबंद म्हणजे खालचा बंद, खालून जाणारा पट्टा. ‘जेर’ पट्ट्याची जागा सांगतो आणि ‘बंद’ वस्तू सांगतो. पकडण्याचा यात मागमूस नाही.

हा शब्द आपल्यापर्यंत कसा आला, याचा माग आपल्याच भागात सापडतो. वऱ्हाडात इमादशाहीची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. साधारण १४९० ते १५७४ हा त्या राजवटीचा काळ. त्याच्याही आधी बहमनी. या सगळ्या दरबारांत लिखापढीची मुख्य भाषा फारशी, आणि फौजेचा कणा घोडदळ. मराठी शिपाई त्याच फौजांत चाकरी करत. जिथे घोडा, तिथे घोड्याच्या साजाचे शब्द. म्हणून लगाम फारशी, जीन फारशी, तंग फारशी, रिकीब, म्हणजे स्वाराची पाय ठेवायची कडी, मूळची अरबी. खोगीर तर फार सुंदर शब्द आहे: फारशीत ‘खोय’ म्हणजे घाम, ‘गीर’ म्हणजे घेणारा. घाम टिपून घेणारी जाड गादी ती खोगीर. तिच्यात भरायला हाताला येईल ते, चिंध्या, गवत, काहीही चालायचं. खोगीरभरती हा शब्द तिथून आला.

संस्कृतातलं आपलं जुनं नाव नव्हतं असं नाही. ‘पर्याण’वरून मराठीत पलाण झालं, पलाणणं हे क्रियापदही झालं. पण रोजच्या पागेत जे शब्द घुमत होते ते टिकले.

पुढे नागपूरला भोसले आले. रघूजी भोसल्यांच्या घोडदळानं १७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या केल्या. पहिल्या मोहिमांचं नेतृत्व भास्करराम कोल्हटकरांकडे होतं. १७५१ च्या तहात कटकचा मुलूख आणि वर्षाला १२ लाखांची चौथ ठरली, तेव्हा त्या थांबल्या. त्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि साज घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतून घोडा मिळणारा तो बारगीर. ‘बार’ म्हणजे ओझं, ‘गीर’ तोच, घेणारा. बंगालनं या स्वारांची भीती इतकी मनावर घेतली की तिकडच्या अंगाईगीतात आजही ‘बर्गी’ येतात. वैनगंगेच्या अलीकडून निघालेल्या स्वारांचं नाव गंगेच्या मुखापाशी मुलांना झोपवताना ऐकू येतं, हे मला नेहमी अस्वस्थ करतं. त्या नावामागे तिथल्या गावांनी सोसलेली लूट आहे. त्या काळी नागपूरच्या पागेत जेरबंद ही हातात घ्यायची वस्तू होती. तुटला की चांभाराकडे जाणारी, पावसात भिजला की कडक होणारी.

१८५३ साली तिसरे रघूजी वारले, राज्य खालसा झालं, पागा ओस पडल्या. गावात बैल राहिले. बैलाचे शब्द शेतकऱ्याच्या हातात राहिले, घोड्याचे शब्द मात्र मालक नसल्यासारखे झाले. असे शब्द दोन वाटांनी जातात. रिकीब, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) यांसारखे कोशात झोपतात. किंवा नवी नोकरी धरतात. जेरबंदानं नवी नोकरी धरली.

ती कशी मिळाली असेल, याचा माझा कयास असा. पट्टा नजरेआड झाला तरी त्याचे दोन्ही तुकडे मराठी कानाला ओळखीचे होते. ‘जेर’ म्हटलं की जेर करणं, नमवणं. ‘बंद’ म्हटलं की दार बंद, खोलीत बंद. हाही ‘बंद’ त्याच फारशी शब्दातून आलेला, पण आता त्याचा अर्थ दोरी नसून कोंडणं. ज्यानं पट्टा कधी पाहिला नाही त्याच्या कानाला ‘जेरबंद’ म्हणजे ‘जेर करून बंद केलेला’ असंच ऐकू येणार. नजरबंद हा शब्द शेजारी होताच. शब्द तोच राहिला, आतलं सामान बदललं. माझ्या विद्यार्थ्याला पिंजरा वाटला तो याच वाटेनं.

हा बदल व्याकरणातही पकडता येतो, आणि मला तो पुरावा सगळ्यात पक्का वाटतो. लगाम, वेसण, पायबंद हे शब्द आपण लाक्षणिक अर्थानं वापरतो तरी क्रियापद कोणतं लावतो? ‘घालणे’. खर्चाला लगाम घातला. मनाला वेसण घातली. रेतीचोरीला पायबंद घातला. म्हणजे या तिन्ही अजून वस्तू आहेत, कुणाच्या तरी अंगावर घालायच्या. जेरबंदही वस्तू होता तेव्हा ‘घोड्याला जेरबंद घातला’ असंच म्हणत. चाचा आजही तसंच म्हणतात. पण बातमीत आपण ‘वाघाला जेरबंद घातला’ म्हणत नाही. ‘वाघाला जेरबंद केलं’ म्हणतो. वाघ जेरबंद झाला, वाघीण जेरबंद झाली, तिघे जेरबंद झाले. शब्द जसाच्या तसा, ना लिंग बदलतं ना वचन. नाम होतं, त्याचं विशेषण झालं. ‘घालणे’ जाऊन ‘करणे’ आलं, तेव्हाच पट्टा घोड्याच्या अंगावरून कायमचा उतरला.

मग आजचा वापर चूक आहे का? मी ठामपणे नाही म्हणतो. लाखो लोक एक शब्द एका अर्थानं बोलतात आणि सगळ्यांना तो कळतो, तेव्हा तोच त्याचा अर्थ असतो. उलट या नव्या नोकरीत जेरबंदानं स्वतःची एक बारीक छटा कमावली आहे, जी ‘पकडला’मध्ये नाही. मोकाट फिरणारा, हाती न लागणारा, शोधून, मागावर राहून, शेवटी जिवंत हाती लागला तर तो जेरबंद. यातलं ‘जिवंत’ फार महत्त्वाचं. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या रानात टी-१ वाघिणीचा माग महिनोन्‌महिने चालला, तेव्हा सगळा वाद याच दोन शब्दांत होता: जेरबंद की ठार. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीनं मेली. तिला कुणी ‘जेरबंद’ म्हणू शकत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्या मादी बछड्याला बेशुद्ध करून पकडलं. तिथे हा शब्द बसतो. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात गेलेला वाघ जेरबंद, तारेच्या विजेनं मेलेला नाही. घोड्याच्या पट्ट्याचा थोडा गुण इथे उरला आहे असं मला वाटतं: जनावर पूर्ण राहतं, त्याची मोकळीक तेवढी जाते.

हे एकदा लक्षात आलं की कुठे हा शब्द नको, तेही दिसतं. विहिरीत पडलेला बिबट वनखात्यानं बाज सोडून, पिंजरा लावून वर काढला, तर त्याला ‘जेरबंद’ म्हणू नये. तो संकटात होता, त्याला बाहेर काढलं. ‘बिबट सुखरूप बाहेर’ हे खरं. पोलिसांपुढे स्वतःहून हजर झालेला माणूस जेरबंद नाही, तो शरण आला. कामावरून घरी जाणाऱ्या माणसाला चौकशीला बोलावलं, तर तोही नाही. त्याला जेरबंद म्हटलं की न्यायालयाच्या आधी आपणच त्याला फरारी ठरवतो. आणि महागाई, साथ, अफवा यांना तर हा शब्द लागतच नाही, कारण त्यांना कोंडता येत नाही. त्यांच्यासाठी दुसरे शब्द आहेत, आणि ते गोठ्या-पागेतूनच आले आहेत.

लगाम चालत्या जनावराला असतो. जे चालू राहायला हवं पण हाताबाहेर जायला नको, त्याला लगाम: खर्चाला, जिभेला, गाडीच्या वेगाला. वेसण नाकातून जाते, दुखते आणि एकदा ओवली की जन्मभर राहते. अंगातली मस्ती कायमची आवरायची तिथे वेसण. पायबंद हा फारशी ‘पाय’ आणि तोच ‘बंद’ मिळून झाला, आणि फारशीतही पाय म्हणजे पायच. घोड्याचे मागचे पाय खुंट्याला बांधायची ती दोरी. पायबंद घातलेला घोडा जागचा हलत नाही. म्हणून जे पूर्ण थांबायलाच हवं, त्याला पायबंद: रेतीघाटावरच्या रात्रीच्या ट्रॅक्टरला, गावातल्या चोरट्या दारूला. ‘रेतीचोरीला लगाम’ असं वाचलं की मला खटकतं, कारण लगाम घातला म्हणजे ती चालू राहणार, फक्त हळू. लोढणं तर आपल्या गावात अजून दिसतं. उंडग्या गोऱ्ह्याच्या गळ्यात ओंडका टांगतात, पळायला गेला की तो गुडघ्यावर आपटतो. ‘गळ्यात लोढणं पडलं’ म्हणणाऱ्याला तो गुडघ्यावरचा मार आठवला तर वाक्याला वजन येतं.

हे सगळं मी परिपाठात सांगितलं. तोंडी सांगून कळेना, तेव्हा पोळ्याच्या बैलाची जुनी दोरी आणली, पिंजऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलाला घोडा केलं. कमरेला दोरी तो तंग, टोपीच्या पट्टीला बांधलेली दुसरी दोरी तो जेरबंद. तो वाकून मैदानभर धावला. मान वर करायला गेला की टोपी खाली ओढली जायची. “गुरुजी, पळता तं येते, पर वर पाहता येत नाही,” तो म्हणाला. इतकी नेमकी व्याख्या मला कोशात मिळाली नव्हती.

एक काम मात्र शब्दाच्या पलीकडचं आहे, आणि ते लग्नसराईत आपल्यापैकी कुणालाही करता येईल. वरातीच्या घोडीला आपण डीजेच्या भिंतीसमोर उभं करतो. आवाजानं ती बिथरते, तोंड वर फेकते. मग पट्टा आणखी आवळला जातो आणि तिची मान तासन्‌तास खाली जखडून राहते. मान हे घोड्याचं तोल सांभाळायचं साधन आहे. ठेच लागली, खड्ड्यात पाय गेला, नाला ओलांडताना घसरली, तर तिला डोकं वर उचलूनच सावरावं लागतं. खोल पाण्यात पोहताना नाकाडाला बांधलेला जेरबंद राहिला तर घोडा बुडूही शकतो. म्हणून जाणता माणूस पाण्यात उतरण्याआधी तो सोडतो. पट्टा योग्य आहे की नाही हे पाहायची रीत सोपी आहे. घोडी शांत उभी असताना छातीवरचा पट्टा बोटांनी वर उचला. तो गळ्याच्या वळणापर्यंत, जबडा मानेला मिळतो तिथपर्यंत, सहज पोचला तर ठीक. नाही पोचला तर फार आवळला आहे.

त्या लग्नात मी हे चाचांकडूनच शिकलो. वरात मंडपाशी पोचली, नवरदेव उतरला, सगळे आत गेले. चाचांनी आधी पाण्याची बादली आणली नाही, आधी हनुवटीखालचा बकल सोडला. घोडीनं मान झाडली, घुंगरं वाजली, आणि तिनं तोंड वर करून कडुलिंबाची खालची फांदी हुंगली.